निशिहोरा स्टेशनातल्या बाहुल्या

"चांदीचं घड्याळ शेजारीच ठेवून बाहुल्या नेल्या? हा कसला चोर!" इवाबुची डोकं खाजवत म्हणाला.

निशिहोराला गाडी येणं बंद झाल्यापासून स्टेशनात गावाचं संग्रहालय आहे. वेटिंग रूममध्ये मुलींच्या बाहुल्यांच्या सणासाठी लाल कापडाच्या पायऱ्यांवर राजा-राणी आणि त्यांचा दरबार मांडला होता. चार मार्चच्या सकाळी पायऱ्या रिकाम्या! कुलूप मात्र शाबूत.

किल्ली एकट्या मुराकोशींकडे. पूर्वी ते इथले स्टेशनमास्तर, आता राखणदार. बाहुल्याही मूळच्या त्यांच्याच घरच्या, गावाला दिलेल्या. साहजिकच संशय त्यांच्यावर गेला. संध्याकाळपर्यंत बाहुल्या मिळाल्या नाहीत तर किल्ली काढून घेऊ, असं नगर कार्यालयाच्या नोगामीसाहेबांनी बजावलं होतं. घाबरून मुराकोशींनी खासगी गुप्तहेर मिसाओबाईंना आणि त्यांच्या मदतनीस इवाबुचीला बोलावलं.

"रात्री किल्ली कुठं असते?" मिसाओबाईंनी विचारलं.

"घरी, स्वयंपाकघरात खिळ्याला."

"आणखी काय गेलं?"

"बाहुल्यांच्या तोंडाला गुंडाळायचा मऊ कागद."

"आणि खोकी?"

"आहेत की, दिव्यांच्या खोलीत. रिकामी."

जुन्या वस्तूंचा व्यापारी नागुमो तणतणतच आला. "भाव विचारला होता मी, नाही कुठं म्हणतो? पण कारागिराचा शिक्का खोक्यावर असतो, त्याशिवाय किंमत येत नाही, बाई. चोरायच्याच तर खोक्यांसकट नसत्या नेल्या?"

इवाबुचीचा गोंधळ आणखी वाढला.

मुराकोशींची सून हिसाए चहा घेऊन आली.

"तुम्ही इथल्याच?" मिसाओबाईंनी तिला विचारलं.

"छे हो, ओसाकाची. याच हिवाळ्यात इथं राहायला आलो. नोगामीसाहेबांच्या मुलाशी आमच्या लेकीचं जमतंय, त्यात हे झेंगट!"

"मामंजी काय म्हणतात?"

"लग्न मोडू नये, एवढंच म्हणतात." तिनं मान खाली घातली.

मिसाओबाई दारावरच्या फलकाकडे वळल्या. 'मांडणी तीन एप्रिलपर्यंत.' "एवढी लांब कशी?"

"आमच्याकडे हा सणच एप्रिलात," मुराकोशी म्हणाले. "मार्चात इथं बर्फ. सणाची फुलं कुठून आणणार?"

मिसाओबाईंनी कप खाली ठेवला. "चोरी झालेलीच नाही."

"आँ?" इवाबुची ओरडला.

"चोर बाहुल्यांच्या तोंडाला कागद गुंडाळत बसेल? बाहुल्या नेल्या नाहीत, आवरल्या. खोकी रिकामी असं सगळे म्हणतात, पण उघडून कुणी पाहिलीत?"

इवाबुची धावला. खोक्यांत राजा-राणी सुखरूप निजले होते.

"ओसाकात सण काल, तीन मार्चलाच झाला," मिसाओबाई सावकाश म्हणाल्या. "तिकडे दुसऱ्या दिवशी बाहुल्या आवरल्या नाहीत तर घरातल्या मुलीचं लग्न रखडतं म्हणतात. घरच्या बाहुल्या, लग्नाची मुलगी, स्वयंपाकघरातली किल्ली. हिसाएताई, बरोबर ना?"

हिसाएला रडू कोसळलं. "फलकावरची तारीख फक्त बाहेरच्या पाहुण्यांसाठी असेल असं वाटलं. सकाळी सांगणारच होते. तेवढ्यात मामंजींनी चोरी म्हणून कळवलं, तेही नोगामींनाच! चोराची मुलगी कोण सून करून घेईल?"

तेवढ्यात फोन वाजला. मुराकोशींनी उचलला.

"नोगामीसाहेब, बाहुल्या सापडल्या. मीच आवरून विसरलो. वय झालं हो, असा विसराळू राखणदार काय कामाचा? किल्ली उद्या आणून देतो."

त्यांचा आवाज स्थिर होता, पण डोळे भरले होते. या स्टेशनाशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं.

हिसाएनं ॲप्रनला डोळे पुसले आणि सासऱ्यांच्या हातून फोन काढून घेतला.

"मी हिसाए बोलतेय. मामंजी खोटं सांगताहेत. बाहुल्या मी आवरल्या, माझ्या लेकीसाठी. आता लग्नाचं काय ते तुम्ही ठरवा. किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहू द्या."