काकाने गाडीत काय ओतलं?

या पोरांनो, बसा असे जवळ. धहबियाची गोष्ट सांगतो. हसायची नाहीये, पण पोरीनं डोकं असं चालवलं की ऐकत राहाल!

वाळवंटातल्या त्या खेड्यात गाडी एकच, तिच्या बापाची, बेलखीरची. महिन्यापूर्वी आजीला इस्पितळात नेताना इंजिन उकळलं, भसाभसा वाफ आली, गाडी वाटेतच बसली. आजी तिथंच गेली. तेव्हापासून बेलखीर किल्लीला हात लावेना. "माझ्या हयगयीनं आई गेली," एवढंच म्हणायचा. आता तर उद्या भंगारवाला येणार होता.

शाळेला सुट्टी होती. धहबिया चुलतभावाला, नुवारला म्हणाली, "बाबा रोज पाणी बघायचे. मग तापली कशी? चल, बघूच!" तिनं खुंटीवरची किल्ली आणून इंजिन चालू केलं.

"पाणी भरलं काठोकाठ. पट्टा घट्ट. पंखाही फिरतोय," नुवार वाकून म्हणाला.

इंजिन तापू दिलं, मग बंद केलं.

"आई गं! रेडिएटरची वरची नळी भाजतेय! खालची बघ रे!"

"गार! एकदम गार!"

"म्हणजे पाणी आतच अडलंय!"

सगळं निवल्यावर त्यांनी खालची नळी सोडली. धार आली करंगळीएवढी, तांबूस, चिकट. बोटाला खजुराची सालं लागली!

रेडिएटरला भोक पडलं, की तिकडं खजूर कुटून बाहेरून लिंपतात. शहर गाठेपर्यंत टिकतो. पण आत? तिथं तर तो नळ्याच तुंबवणार!

आजी गेली त्याच्या आदल्या दिवशी गाडी मामरकाकानं नेली होती. नुवारचा बाप तो. अंगणात चहा ओतत बसला होता.

धहबिया भोळा चेहरा करून म्हणाली, "काका, तुम्ही बाहेरून लिंपलेला खजूर गळून पडला वाटतं!"

"बाहेरून कुठं? पुढचं सगळं खोलत कोण बसतंय! आतच ओतला..." काकाची किटली हातातच राहिली.

"बाबा!" नुवार ओरडला.

"दादा रागावेल म्हणून बोललो नाही रे," काका पुटपुटला. "मग आईच गेली. मग तोंडच उघडेना."

दारात बेलखीर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो ओरडला नाही. भावाशेजारी जाऊन बसला आणि महिन्यात पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

हे कळल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्यानं पोरांच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मोठ्यांचे कान उपटलेत!" दुसऱ्या दिवशी भंगारवाला रिकाम्या हातानं परत गेला. पण धहबियाला काही हसू आलं नाही. आजी थोडीच परत येणार होती?

तेव्हा पोरांनो, एक करा. घरात काही बिघडवून गप्प बसला असाल, तर आत्ता उठा आणि सांगून या. मी बसलोय इथंच.