तीन दिवस तापखोलीत

भाजीवाल्याने मेथीची जुडी पिशवीत घातली आणि वर एक संगणक टाकला. "कोथिंबीर परवडत नाही ताई, हा फुकट घ्या." शलाकाने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

वीज वाहणाऱ्या शाईने संगणक कागदावर छापता येऊ लागला, त्याला सहा वर्षं झाली होती. किंमत दर दिवाळीला निम्मी होत गेली. खप दसपट वाढला, पण एका नगामागे काही उरेना. शेअरचा भाव म्हणजे उद्याच्या नफ्यावर आज लावलेली बोली. उद्याच उरणार नाही म्हटल्यावर बोली कोण लावणार? तिच्या वडिलांच्या, नाना कोठावद्यांच्या, नाशिकच्या अंबडमधल्या कागदी संगणकांच्या कंपनीचा शेअर नऊशेवरून एक्केचाळीसवर आला होता. नानांना जाऊन महिना होत होता. निम्म्याहून जास्त हिस्सा आणि सहीचा अधिकार आता तिच्याकडे होता.

ऑफिसात कंपनीच्या पैशांचं बघणाऱ्या पारनेरकरकाकांनी ठराव पुढे सरकवला. बाकीच्या कंपन्यांनी आधीच केलं होतं तेच त्यात होतं: अकरा महिन्यांत विरणारी शाई. कागद कोरा झाला की गिऱ्हाईक परत दुकानात. सव्वानऊला बाजार उघडायच्या आत जाहीर केलं, तर भाव तिप्पट.

शलाकाने पर्समधून आणखी एक कागद काढून ठरावावर ठेवला. दोन्ही बाजूंनी पांढरा. दवाखान्यात नानांच्या छातीवर घरच्या कंपनीचा जाडसर कागद पेलेना, म्हणून तिनेच हा दुसऱ्या कंपनीचा, हलका, आणला होता. चार महिने ते त्यावर तिच्यासाठी बोलत राहिले; मध्येच खोकत, मध्येच हसत. सावकाश ऐकू, असं ती म्हणाली होती. आधी सात महिने तो दुकानात पडून होता, हे तिला कुठे ठाऊक? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने उघडला, तेव्हा त्यात काहीच नव्हतं.

काकांनी कागद उलटून पाहिला.

"पोरी, खाली चारशे माणसं आहेत," ते म्हणाले. "न विरणारा कागद माणूस एकदाच घेतो. मग आपण खायचं काय?"

"माहीत नाही, काका. पण हे नाही खायचं."

तिने ठराव परत केला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या: आमची शाई तीस वर्षं टिकेल. त्याआधी विरली, तर नवा कागद आम्ही देऊ.

नऊला त्या जाहीर झाल्या. सव्वानऊला बाजार उघडला. एक्केचाळीस. तेहतीस. सव्वीस. काकांनी चष्मा काढून ठेवला.

ती खाली तापखोलीत गेली. तापात माल झपाट्याने जुना होतो आणि मोडायचं ते पहिल्या तीन दिवसांत मोडतं, असं नाना म्हणत; म्हणून इथला प्रत्येक माल साठ अंशांवर तीन दिवस काढूनच बाहेर पडे. सव्वीस वर्षं ही खोली सांभाळणाऱ्या हसीनाआपांनी भिंतीवरच्या पडद्यावर शेअरचा आकडा पाहिला. एकोणीस.

"भावपण तापखोलीत घातला का, ताई?"

"हो. तीन दिवस."

आपा हसल्या नाहीत. प्रत्येक खेपेला लिहीत तसं त्यांनी पाटीवर खडूने लिहिलं: आत, सोमवार, सव्वानऊ.

"आणि मोडला तर?"

"तर काय मोडलं ते बघू, आणि पुन्हा बनवू. नाना तेच करायचे."

शलाकाने सकाळचा फुकटातला कागद उलगडला, एक वाक्य हळूच त्यात बोलली, तेच घरच्या कागदात बोलली, आणि दोन्ही शेजारी शेजारी फळीवर ठेवले. आपांनी दार लावलं.

गुरुवारी ते उघडेल, तेव्हा दोघांपैकी कोण बोलेल?