एकमेकांना की स्वतःला?

इंदिरानगरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या दुपारी इतकी गर्दी होती, की योगिनीच्या हातात भलतेच कागद आले. वरच्याच पानावर कांद्यांचे फोटो! तिने मागे वळून पाहिलं. दाराशी एक उंच, सावळा तरुण तिची व्याकरणाची प्रश्नपत्रिका वाचत उभा होता — चक्क ओठ हलवत.

"अहो, ती माझी आहे."

"तरीच! कांद्याला एवढे प्रश्न कोण विचारतंय…" तो हसला. "मॅडम, एक सांगा. 'वुई एन्जॉइड' म्हटल्यावर वर आणखी 'अवरसेल्व्ज' कशाला? आपण 'मजा केली' म्हणतो, संपलं."

"इंग्रजीत तेवढ्यावर संपत नाही. आम्ही असू तर अवरसेल्व्ज, तुम्ही सगळे असाल तर युवरसेल्व्ज, ते असतील तर देमसेल्व्ज."

"आणि तुम्ही एकट्याच असाल तर?"

"तर युवरसेल्फ. आणा ते कागद." ती फणकाऱ्याने म्हणाली खरी, पण जिना उतरताना तिला हसू आवरेना.

त्याचं नाव ललित. त्याने आणि नामपूरच्याच चार मित्रांनी मिळून कांदा बाहेरदेशी पाठवायची कंपनी काढली होती. तीन आठवड्यांनी परदेशी खरेदीदार कांद्याची शेड बघायला येणार होते आणि त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचं होतं ललितला. योगिनी इंग्रजीचे क्लास घ्यायची. मग काय, आठवड्यातून दोनदा तो नामपूरहून एसटीने येऊ लागला. कधी सोबत मेथीची जुडी, कधी नुसतंच ते खट्याळ हसू…

एकदा तिने फळ्यावर वाक्य लिहिलं — 'दे ब्लेम्ड देमसेल्व्ज.'

"म्हणजे एकमेकांना दोष दिला?"

"नाही. एकमेकांना असेल तर 'ईच अदर'. इथे प्रत्येकाने दोष स्वतःकडे घेतला."

ललित हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी आमचा माल वाटेतच सडला. आम्ही पाचजण दोन महिने बोलत नव्हतो, मॅडम. सगळं ईच अदरच चाललं होतं."

योगिनीने खडू खाली ठेवला. त्या दिवशी पुढचा धडा झालाच नाही. ती नुसती ऐकत राहिली.

पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "तुम्ही समोर असलात की माझ्या चुका कमी होतात. याल…?"

ती गेली. शेडमध्ये सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं — गेल्या वर्षी माल सडला, तेव्हा काय झालं होतं? चौघा मित्रांनी माना खाली घातल्या. ललितने एकदा योगिनीकडे पाहिलं, आणि सावकाश, एकेक शब्द जपून, बोलला: "फर्स्ट वुई ब्लेम्ड ईच अदर. देन वुई ब्लेम्ड अवरसेल्व्ज. देन… वुई टॉट अवरसेल्व्ज."

आधी एकमेकांना, मग स्वतःला दोष दिला. मग स्वतःच शिकलो. बाईंनी पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. योगिनीचे डोळे भरून आले.

नमुन्यादाखल दोन कंटेनरची ऑर्डर मिळाली. गाड्या गेल्यावर ललित तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक बोलायचंय. पण मराठीतच बोलतो… इथे चूक परवडायची नाही."

"बोला ना."

"मला तुम्ही आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

तिच्या गालांवर ऊन चढलं. ती ओठ उघडणार, तोच मागून अहिराणीत आवाज आला, "हाई कोन शे रे, ललित?"

त्याची आई, अंबूबाई, चहाची किटली घेऊन उभी होती. ललितच्या तोंडून ना मराठी फुटेना, ना इंग्रजी. कान मात्र लालबुंद!

योगिनीने वाकून नमस्कार केला. "मी योगिनी. ललितने आत्ताच मला लग्नाचं विचारलं. मी हो म्हणणारच होते… तेवढ्यात तुम्ही आलात."

अंबूबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि किटली खाली ठेवली.

"मंग म्हन ना, माय!"