शर्वीची अर्थगाठ

"बोलायला लागेल ती झरझर. पण बोलण्याआधी आत्ता जरा अडखळते ना, ते जाईल. तेवढ्यावर लक्ष ठेवा," शर्वीला अर्थगाठ बसवताना डॉ. निलोफर मुजावर म्हणाल्या होत्या.

तिची आई ऋजुता हसली होती. "अहो मॅडम, ते जावं म्हणूनच तर आलोय!"

सांगलीतल्या बऱ्याच मुलांच्या कानामागे तेव्हा अर्थगाठ बसवलेली असे. तांदळाच्या दाण्याएवढी चिप. इंग्रजी शब्द पाठ करता येतात, वाक्प्रचारांचं तसं नसतं. 'अंडर द वेदर' म्हणजे किंचित बरं नाही. हवामानाशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय ते कुणासमोर, कोणत्या सुरात म्हणायचं, हे ती भाषा ऐकत वाढलेल्यालाच उमगतं. अर्थगाठ समोरचा प्रसंग ओळखी आणि त्याला शोभेल असा वाक्प्रचार सूक्ष्म विद्युत्स्पंदनांनी मेंदूच्या वाचाकेंद्रात तयार ठेवी. प्रसंगाची आणि शब्दांची गाठ. चांगल्या शाळेच्या मुलाखतीत तिच्याशिवाय निभाव लागत नसे.

सहा वर्षांची शर्वी त्या दिवशी शाळेतून आली ती सोफ्यावर आडवीच झाली. डबा भरलेला.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"जस्ट अ बिट अंडर द वेदर, आई."

"ऐकलंस?" तिचा बाबा प्रसन्न कौतुकानं म्हणाला. "माझ्या साहेबालासुद्धा इतकं झोकात जमत नाही."

ऋजुताला हसू आलं नाही. सकाळी शर्वीचं अंग तापलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन ती एका कुशीवर पडली होती.

"दुखतंय का, बाळा?"

"आय विल बी राइट ॲज रेन." म्हणजे अगदी ठणठणीत होईन. उच्चार स्वच्छ, सूर समजूतदार.

ऋजुतानं पोटाच्या उजव्या बाजूला हातानं दाबलं. शर्वीचं अंग आखडलं, डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून आलं, "नो बिग डील, आई."

"इंग्रजी राहू दे. कुठं दुखतंय, बोटानं दाखव."

शर्वीनं बोट वर केलं आणि त्या बोटाकडेच बघत राहिली. ते कुठं न्यायचं, तिला कळेना.

अपेंडिक्स फुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, शर्वी वाचली. डॉ. मुजावर तिला बघायला आल्या, तेव्हा ऋजुतानं त्यांना दवाखान्याच्या व्हरांड्यातच अडवलं.

"खोटं बोलत होती का ती?"

"नाही हो. दुखलं की मूल आधी रडतं, मग शब्द शोधतं. ते शोधताना स्वतःच्या आत बघतं, कुठं, कसं, किती. शर्वीला शोधावंच लागत नाही. वाक्प्रचार आधीच हजर असतो, प्रसंगाला चपखल बसतो. मेंदूला वाटतं, झालं काम."

"पण मग इतकं किरकोळ का सांगायची?"

"अर्थगाठ मोठ्यांच्या संभाषणांवरून शिकलीय. आपण मोठी माणसं दुखणं कमी करूनच सांगतो, ताई."

"काढून टाका ती. आजच."

"काढू. इंग्रजी जाईल बरंचसं, ते येईल परत. पण आत बघायची सवय याच वयात लागते. ती किती भरून येईल, मला नाही सांगता येत."

ऋजुता म्हणाली, "बाकीच्या मुलांचं काय?"

"एकाही मुलाची तक्रार आलेली नाही."

"कशी येईल, मॅडम?"

काचेपलीकडे शर्वी नर्सशी बोलत होती आणि नर्स खूश होऊन हसत होती.

ऋजुतानं व्हरांड्यातल्या बाकावर बसून शर्वीच्या वर्गातल्या सगळ्या पालकांना जे लिहिलं, ते तुमच्यासाठीही आहे. तुमच्या घरात अर्थगाठ बसवलेलं मूल असेल, तर हे वाचणं थांबवा आणि त्याच्याकडे जा. कसं आहेस, असं विचारू नका. छान बोलतं म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या कपाळावर हात ठेवा, पोटावर ठेवा, हळूच दाबा, आणि तोंडातून काय येतंय ते न ऐकता चेहरा बघा.