दुसऱ्यांदा रक्त कशाला?

दोन हजार सहा साल, कापूस घरी यायचे दिवस. कारंजाच्या बसस्टँडवर काजलला धाप लागली. तिनं पर्समधून दम्याचा पंप काढून ओढला, तर समोरचा चष्मेवाला टक लावून बघतोय. मेल्याला लाज कशी ती नाहीच!

“काऊन पाहून राह्यले?”

“पंप बरोबर ओढता का, ते पाहून राह्यलो. मी धनंजय, तळेगावचा. वर्ध्याच्या दवाखान्यात दम्यावर संशोधन करतो.”

“बरोबरच ओढते. तरी फरक नाई पडत.”

“रोज घेता... की विसरता?”

झालं! काजलच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची आई शोभाबाईही हेच म्हणायची — पोरगी औषध चुकवते, लग्न टाळायला नाटकं करते. दम्यापेक्षा तिला हेच जास्त लागायचं, की खरं सांगूनही कुणी विश्वास ठेवत नाही.

“रक्त देता का तपासाले?” त्यानं हळूच विचारलं. “माणसामाणसाच्या जनुकांत फरक असते. एकाले लागू पडलेलं औषध दुसऱ्याले पडनच असं नाई.”

रक्ताचं हा काय करेल, देव जाणे! पण पुरावा मिळाला तर... तिनं घरचा पत्ता दिला. तो आला, रक्त घेऊन गेला, आणि पुढं कित्येक महिने पत्ताच नाही. फसवलं वाटतं मेल्यानं!

उन्हाळ्यात तो दारात उभा.

“मावशी, काजल खरंच बोलत होती. तिची घडणच अशी आहे, की हे औषध तिले कमी लागू पडते. मोठे डॉक्टर दुसरं देतील.” मग तिच्याकडे वळून म्हणाला, “मीही संशय घेतला. चुकलं माझं.”

शोभाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

नव्या औषधानं काजल न थांबता जिना चढू लागली. आणि एका संध्याकाळी हा पुन्हा हजर! “आणखी थोडं रक्त लागते.” शोभाबाई चहा ठेवायला आत गेल्या. त्यानं स्पिरिटमध्ये कापूस भिजवला. काजलचे डोळे बारीक झाले.

“माझ्या हिंगणीच्या भागीरथा आत्यालेही दमा आहे, तिचं रक्तही तुमीच नेलं ना? तिचं तर एकदाच घेतलं. मंग माझं दुसऱ्यांदा काऊन?”

त्याचे कान लाल झाले.

“यायले... काही कारण तर पाहिजे होतं.”

“म्हणजे खोटं बोलले तुमी!”

“हो... पण तुमाले पाहाले जीव लई तुटत होता.”

काजल हसली. मनसोक्त, धाप न लागता. मग तिनं हात पुढं केला.

“तो कापूस ठेवा बाजूले. आई चहा घेऊन यायच्या आधी... नुसता हात धरा.”