खिशातला फ्यूज

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. तो वायरमन. भुतापेक्षा ओल्या भिंतीला जास्त घाबरणारा माणूस, थापा मारणाऱ्यातला नाही.

मागच्या मार्चातला दुसरा गुरुवार, रात्रीचे नऊ. एका घरमालकाचा फोन आला. बैठकीतला पंखा बंद पडलाय, मंडळी बाहेरगावी गेलीत, उकडून जीव जातोय, आत्ताच या. मेहुणा गेला. ते घर त्याला चांगलंच ठाऊक होतं. त्याचा जोडीदार वर्षापूर्वी तिथेच शॉक लागून गेला होता.

काम करताना वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो, म्हणजे मागून कुणी लाइट चालू करू नये. जोडीदाराच्या खिशातही फ्यूज सापडला होता, लाल टेप गुंडाळलेला. बायकोने तो त्याच्या मुठीत दिला. त्याच्याबरोबरच चितेवर गेला तो.

मेहुण्याने व्हरांड्यातल्या बोर्डाचा फ्यूज काढून खिशात टाकला. मालक हसला.

"आधीचा हेच विसरला होता. बेफिकीर माणूस. स्वतःच्या हाताने मेला."

"त्याच्या खिशात फ्यूज होता, साहेब. तुम्ही दुसरा लावलात ना?"

मालक म्हणाला, "उकडत होतं. मला काय माहीत, तो अजून स्टुलावर आहे?"

"मग वर्षभर त्याच्या नावाने खडे का फोडताय?"

"मेलेल्याला काय फरक पडतो!"

मेहुण्याचं डोकं सणकलं. फ्यूज मालकाच्या हातावर ठेवून त्याने पिशवी उचलली. "तुमचं तुम्ही बघा."

"दोन वायरी तर जोडायच्यात," म्हणत मालकाने फ्यूज खिशात टाकला आणि बॅटरी घेऊन स्टुलावर चढला.

मला त्याची दया येत नाही. स्पष्ट सांगतो.

मेहुणा फाटकापाशी पोचला. मागे बोर्डात खट्ट झालं.

व्हरांड्यातला दिवा लागला.

आतून हाक नाही... काहीच नाही...

तो धावला. आधी बोर्ड. फ्यूज ओढला, मुठीत धरला. पुन्हा अंधार. मग आत.

मालक जमिनीवर. श्वास नाही. मेहुण्याने त्याचा खिसा चाचपला.

फ्यूज खिशातच होता.

मग मुठीत...?

त्याने बॅटरी जवळ आणली. मूठ उघडली.

लाल टेप. आणि तळहातभर राख.