खुसपटाचा चौकोन

'दोरखंड' या गेमचा दुसरा भाग अजून बाजारात यायचा होता, तोवरच झाडून सगळ्या परीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं, आणि तेवढ्यानेच तिरशिंगरावांच्या डोक्यात तिडीक गेली होती. तिरशिंगराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, ऑफिसने ठेवलेलं. एका साप्ताहिकात व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिता लिहिता त्यांनी इतक्यांची सालं काढली होती, की खरं नाव कुणाला आठवतही नसे. कुणी एखाद्या गेमचं भरभरून कौतुक करू लागलं की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

साप्ताहिकाचा एक जुना रिवाज होता. प्रत्येक परीक्षणाच्या तळाशी एक छोटा चौकोन असे, त्याचं नाव 'खुसपट'. गेम कितीही चांगला असो, त्यातली एक तरी खोट काढून त्या चौकोनात लिहायची. तो रिकामा असेल तर पान छापायला जायचंच नाही. वाचकही असे बिलंदर, की आधी खुसपट वाचायचे आणि मग वाटलं तर वरचा मजकूर. तो चौकोन भरणं म्हणजे तिरशिंगरावांच्या हातचा मळ होता.

या वेळी मात्र नाकी नऊ आले. नायक तोच, पहिल्या भागातला दोरवाला. ओस पडलेल्या वस्त्यांमधून, कड्यांवर दोर टाकत, हरवलेली माणसं शोधून आणणारा. पहिल्या भागात त्याचा हात कधी कधी सरळ दगडात घुसायचा, त्यावरून तिरशिंगरावांनी कंपनीची मनसोक्त खिल्ली उडवली होती. आता त्याचा हात दगडावर नेमका टेकायचा, बोटांना धूळ लागायची, आणि ती धूळ तो पँटला पुसायचा. भिंतीला भिंत कुठे जोडली आहे ते डोळे फोडून पाहिलं तरी दिसत नव्हतं. तिरशिंगराव घरातल्या मागच्या खोलीत बसून तासन्‌तास खेळत होते आणि दर थोड्या वेळाने कंट्रोलर गादीवर आपटत होते. एवढं कुठे काय चांगलं असतं का, असं ते भिंतीला विचारत होते.

शेवटी सापडलं एकदाचं. प्रत्येक मोहिमेनंतर दोरवाल्याला जिने चढून घरी परतावं लागे, आणि घराचं दार चौकटीत अडकलेलं असे. बाहेरच्या बाजूला उघडणारं दार. खेळणाऱ्याने बटण दाबून ते ओढायचं, त्याच वेळी त्याची सोबतीण आतून खांदा लावणार, मग कुठे ते निघणार. दर वेळी हाच तमाशा. तिरशिंगरावांना आणखी राग आला तो यामुळे, की त्यांच्या स्वतःच्या घराचं दार अगदी असंच होतं. लग्न झाल्यापासून ते बाहेरून ओढत आणि बायको आतून खांदा लावी. सुताराला बोलवायचं दोघांनी किती वेळा ठरवलं असेल, पण ते राहूनच गेलं होतं. या लोकांनी काय माझ्या घरी येऊन मापं घेतली की काय, असं पुटपुटत त्यांनी चौकोनात लिहून टाकलं, की घराचं दार उगाच अडकतं.

खुसपटासोबत पुरावा म्हणून चित्र छापत असत. ते घ्यायला त्यांनी दुसऱ्या दिवशी गेम पुन्हा लावला, तर दार लोण्यात सुरी जावी तसं उघडलं. त्यांनी कपाळाला हात लावला. कंपनीने गुपचूप दुरुस्ती पाठवली म्हणावं, तर परीक्षणासाठी दिलेली गेमची प्रत इंटरनेटला जोडायचीच नाही अशी कंपनीचीच अट होती, आणि त्यांनी वायर काढून ठेवली होती. फोन करून विचारलं तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की त्यांच्या गेममधलं दार कधीच अडकत नव्हतं.

संध्याकाळी ते भाजी घेऊन घरी आले आणि सवयीने दार हिसडून ओढलं. ते इतक्या सहज उघडलं की पिशवीसकट ते मागे धडपडले.

"सुतार आला होता का?" त्यांनी विचारलं.

बायको बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर पडदे शिवत बसली होती. तिने मान वर केली. "सुतार कशाला? काय मोडलंय?"

दार अडकायचं ते, असं त्यांनी सांगितल्यावर ती हसली. आपलं दार कधी अडकायचं, असं तिने उलट विचारलं. तिच्या खांद्याला त्या दारापायी कायमचा घट्टा पडला होता, त्यावरून ती रोज बोलून दाखवायची, आणि आता ती त्यांच्याकडे चष्म्यावरून काळजीने पाहत होती. तिरशिंगरावांनी वाद घातला नाही. वयाचा परिणाम, दुसरं काय, असं म्हणून ते भाजी निवडायला बसले.

चौकोन मात्र आता पुन्हा भरावा लागणार होता. दाराची ओळ खोडून त्यांनी नवं खुसपट शोधायला घेतलं, आणि या वेळी चटकन सापडलं. दोरवाल्याची ती सोबतीण सारखी गुणगुणायची. सूर वर जायचा, एका जागी अडखळायचा, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शेवटपर्यंत म्हणून कधी जायची नाही. ऐकून ऐकून माणसाचं डोकं उठावं. हा ताप त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता, कारण बायकोही मशीनवर बसली की असलंच काहीतरी अर्धवट गुणगुणायची. वर जायची, अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तरी पुरं कर गं बाई, असं ते कितीदा तरी ओरडले असतील. त्यांनी लिहिलं, की सोबतिणीचं गुणगुणणं बंद व्हायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ब्रेड आणायला बाहेर पडले, तर दार पहिल्यासारखं अडकलेलं. बायको आली, दोघांनी मिळून ढकललं, आणि ती खांदा चोळत सुताराच्या नावाने बोटं मोडू लागली. तिरशिंगराव जिन्यात क्षणभर थांबले. काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं, पण काय ते सांगता येईना.

परत आले, चहा झाला. बायको मशीनवर बसली. तेही मागच्या खोलीत जाऊन बसले. गेम लावला. घरात सोबतीण दोरवाल्याच्या मागे मुकाट चालत होती. तिचे ओठ हलतही नव्हते.

बाहेरच्या खोलीतून नुसती मशीनची घरघर येत होती.

ते उठून दारात गेले. बायको कापड सरकवत होती. सुई वरखाली होत होती.

"आज गुणगुणत नाहीस?"

"मी?" ती म्हणाली. "मी कधी गुणगुणते?"

तिरशिंगरावांना भीती वाटली. गेममधल्या असल्या प्रकारांना ते आजवर हसत आले होते. या घरात इतकी वर्षं ते ज्यावर वैतागत आले होते, ते आता नव्हतं, आणि ते नसलेलं घर त्यांना दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं. ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी चौकोनातली ओळ पुसून टाकली. एक अक्षर ठेवलं नाही.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मशीनच्या घरघरीवरून तो सूर आला. वर गेला, अडखळला, पहिल्यापासून सुरू झाला. तिरशिंगराव गादीवर बसले आणि चक्क रडले. पुरं कर असं म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

दुपारी रिकामा चौकोन घेऊन ते ऑफिसला गेले. संपादकांनी पान पाहिलं आणि खुसपट कुठाय म्हणून विचारलं.

"खुसपट काढू नका," तिरशिंगराव म्हणाले. "या वेळी राहू द्या. हात जोडतो."

संपादकांना आधी गंमतच वाटली. तिरशिंगराव आणि हात जोडतायत! कंपनीने काही पाजलं की काय, असं त्यांनी विचारलं. मग ते चिडले. रिवाज म्हणजे रिवाज, एकदा चौकोन रिकामा गेला की उद्या सगळेच हात वर करतील, असं बरंच काही ते बोलले. तिरशिंगराव काय सांगणार? सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं. त्यांनी फक्त नाही म्हटलं आणि परीक्षणाखालचं आपलं नाव काढून टाका असंही सुचवलं. बघू, असं म्हणून संपादकांनी त्यांना कँटीनला पिटाळलं.

ते चहा घेऊन परत आले तेव्हा संपादक खुशीत होते. ऑफिसच्या प्रतीवर त्यांनी स्वतःच जरा खेळून पाहिलं होतं.

"एवढं काय अवघड होतं हो?" ते म्हणाले. "भरला मी चौकोन. पान गेलंसुद्धा छपाईला."

टेबलावर पानाची कच्ची प्रत पडली होती. तिरशिंगरावांनी ती उचलली. चौकोनात लिहिलं होतं, की प्रत्येक मोहिमेनंतर नायकाला जिने चढून घरी परतावं लागतं. हे घर काढून टाकलं असतं तरी चाललं असतं.

प्रत तिथेच टाकून ते निघाले. रस्त्यात लोकांना धक्के बसत होते, कुणीतरी दिसत नाही का म्हणून खेकसलं. इमारतीच्या खालचा वाणी होता, सायकली होत्या, जिन्याचा उखडलेला कठडा होता. ते धापा टाकत वर चढले.

डाव्या हाताला शेजारच्या आजोबांचं दार होतं. समोर भिंत होती.

त्यांनी जिना मोजला, खाली जाऊन पुन्हा वर आले. मजला तोच होता. भिंतीला जिन्याचाच पिवळा रंग होता, जुना, खाली मुलांनी खडूने रेघोट्या मारलेला. त्यांनी तिच्यावरून हात फिरवला. जोड कुठेच लागला नाही.

आजोबांनी दार किलकिलं केलं. रोज सकाळी हेच आजोबा तिरशिंगरावांकडून पेपर मागून न्यायचे.

"कुणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

तिरशिंगरावांनी भिंतीकडे बोट दाखवलं. आजोबांनी तिकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मग त्यांना ते ऐकू आलं. भिंतीच्या आतून, मशीनच्या घरघरीवरून. सूर वर गेला, अडखळला, पहिल्यापासून सुरू झाला.

त्यांनी दोन्ही मुठींनी भिंत बडवली.

मशीन थांबली. सपाता ओळखीच्या चालीने जवळ आल्या. आतून कुणीतरी खांदा लावला. एकदा. मग पुन्हा.

भिंतीचा एक पोपडाही हलला नाही.

"अहो," बायकोचा आवाज आला, नेहमीसारखाच वैतागलेला. "ओढताय ना?"